पावणेदोनचे रॉकर

सोमवार, ७ ऑक्टोबर
आणि माझ्या रेसच्या गाडीला मोठा कॅम घेतला यात माझं काय चुकलं? व्हर्लिनचं आपलं तेच तुणतुणं. गॅरेज त्याचं, मी तिथे कामाला, म्हणून दरवेळी बरोबरही तोच? व्हॉल्व्ह ढकलून उघडतो तो कॅम; तो मोठा असला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, इंजिन पोटभर हवा खातं. तो म्हणतो, हळू चालवलंस की मरेल. मी हळू चालवणारच नाही. विषय संपला.

मंगळवार, ८
आईचा फोन. केंटकीत थंडी सुरू, घरातला हीटर मेला, दुरुस्तीला सहाशे डॉलर. म्हटलं, रविवारी पाठवतो. शनिवारच्या ड्रॅग रेसचं बक्षीस हजार आहे. उरलेल्या चारशेत बूट.

बुधवार, ९
एका रेसवाल्याने काढून टाकलेले पावणेदोनचे रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे दांडे, स्वस्तात मिळाले. माझे दीडचे. म्हणजे कॅम ढकलेल त्याच्या दीडपट व्हॉल्व्ह उघडायचा, आता पावणेदोनपट. शाळा नववीत सुटली, गुणाकार नाही सुटला.

गुरुवार, १०
व्हर्लिनने माती लावायला लावली. पिस्टनच्या डोक्यावर पोरांची खेळायची माती थापायची, इंजिन हाताने फिरवायचं, मग उघडून बघायचं व्हॉल्व्हने किती दाबली. भरपूर उरली. म्हातारा खूश.
तो जेवायला गेल्यावर पावणेदोनचे चढवले. परत माती कशाला? पिस्टन तोच, माती तीच. शिवाय इंजिन परत उघडलं की गॅस्केट नवीन लागतं, ते कोण आणणार.

शुक्रवार, ११
सुरू केली. काय थरथरते! मधूनच बारीक टकटक येते. नवीन पार्ट एकमेकांना ओळखतायत. व्हर्लिनची बायको ओपल म्हणाली, माझ्या शिलाई मशीनने असा आवाज केला की मी आधी सुई बघते. बायकांना इंजिनातलं काय कळतं.

शनिवार, १२
हिरवा दिवा लागला आणि पहिले शंभर फूट मीच पुढे. मग आतून कुणी घण घातल्यासारखं झालं. गाडी ओढून आणली.
व्हर्लिनने उघडली. वाकडे व्हॉल्व्ह, पिस्टनला भोकं. हातातला रॉकर फिरवत म्हणाला, "कोल्बी, लेका, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवलास, वर जास्त खोलही उघडलास. पिस्टन वर आला की त्याने उभं कुठे राहायचं?"
मी म्हटलं, पिस्टन जुने होते.

रविवार, १३
उचल मागितली. व्हर्लिन म्हणाला, पगारातून आधी नव्या व्हॉल्व्हचे पैसे कापतो. मन छोटं आहे त्याचं.
आईला पहिल्या शंभर फुटांचं सविस्तर सांगितलं. शाबास म्हणाली. मग विचारलं, गादी स्वयंपाकघरात, ओव्हनजवळ ओढू का? म्हटलं, तात्पुरती.
पाठवतोय: अडतीस डॉलर.