खंडेनवमीची रायफल

बाबा, काल माझ्या लेकाने विचारलं, आजोबा खरंच रानबोकडांच्या शिकारीला जायचे का? मी म्हटलं, गेले होते, स्कॉटलंडमध्ये, मी होते बरोबर. मग किती मारले? मी छाती फुगवून सांगितलं, एकही नाही. ते ऐकून कार्टं जे हसत सुटलं! तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण मला अस्सा राग आला की जेवण झाल्यावर त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं.

कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात तुम्ही लेथवर होता. दर खंडेनवमीला घरून कुंकवाची डबी घेऊन जायचात आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मशीनला टिळा लावायचात. सुपरवायझर पहिल्या वर्षी चिडला, दुसऱ्या वर्षी गप्प बसला, तिसऱ्या वर्षी म्हणाला, माझ्या ड्रिललाही लाव. शेजारच्या लेथवर स्कॉटिश अंकल होते. त्यांचा थोरला भाऊ हायलँड्समध्ये एका इस्टेटीवर स्टॉकर होता, म्हणजे तिथल्या डोंगरातली हरणं आणि रानटी शेळ्या राखणारा माणूस. त्या शेळ्या कधीकाळी कुणाच्या तरी गोठ्यातून सुटून कड्यांवर राहायला गेलेल्या. फार वाढल्या की नवी लावलेली झाडं फस्त करायच्या, म्हणून दर ऑक्टोबरात थोड्या माराव्या लागत. तीन वर्षं तुम्ही अंकलबरोबर नुसतं ओझं वाहायला गेलात. चौथ्या वर्षी स्टॉकरने तुमच्या हातात रायफल दिली, टार्गेटवर नेम बघितला आणि म्हणाला, पुढच्या वेळी एक तुझी.

झालं! तुम्ही आपल्या मराठी मंडळात डंका पिटलात. यंदा दसऱ्याच्या पंगतीला लॅम्ब नाही, खरं बोकडाचं मटण, सगळ्यांनी जेवायला यायचं. आई म्हणाली, "अहो, बोकड अजून डोंगरावर चरतंय आणि तुम्ही इथे पंगत बसवताय? बाजारात तुरी!" तुम्ही म्हणालात, "बघच तू. आणि पोरीला पण नेतो." मी विशीतली, पॉलिटेक्निकला इंजिनिअरिंग शिकणारी, आणि डोंगर म्हणजे काय ते फक्त पोस्टकार्डावर पाहिलेलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंकलना रजा नव्हती; ट्रेनमध्ये आपण दोघंच, आणि तुम्ही एखाद्या नवरदेवासारखे बसला होतात.

नेमकी खंडेनवमीच होती. सकाळी स्टॉकरच्या किचनमध्ये तुम्ही टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरून रायफल ठेवलीत. बागेतली झेंडूची फुलं कागदात गुंडाळून आणली होतीत. बूट काढून अनवाणी उभं राहून पूजा केलीत, रायफलला हळदकुंकू लावलंत आणि ती तिच्या कव्हरमध्ये सरकवलीत. तेवढ्यात स्टॉकर कुत्र्यांना खायला घालून आत आला, त्याने उदबत्ती बघितली आणि डोक्यावरची कॅप काढली.

मग चार तास चढ. शेळ्या खाली बघत असतात, धोका खालून येणार म्हणून. त्यामुळे अख्ख्या कड्याला वळसा घालून वरून उतरायचं. तुमचा गुडघा कुरकुरत होता, पण तुम्ही चढत राहिलात. शेळ्या दिसायच्या आधी वास आला, माजावर आलेल्या बोकडाचा, डोकं उठवणारा. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "अगं, आपल्या गावच्या देवीच्या जत्रेत आल्यासारखं वाटतंय!" मला इतकं हसू आलं की मी तोंडात हातमोजा कोंबला.

आणि मग तो कडा. आपण तिघं ओल्या गवतावर पालथे पडलोय. खाली एका कपारीवर म्हातारी लंगडी शेळी उभी आहे, हिवाळा काढणार नाही अशी. स्टॉकर कव्हरमधून रायफल काढून तुम्हाला देतो आणि बोटाने तीच दाखवतो. तुम्ही रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावता. मी श्वास रोखते. वेळ जातो. तुम्ही डोळा पुसता, पुन्हा लावता. "फेअर शॉट, मॅन. टेक हर," स्टॉकर कुजबुजतो. आणि तुम्ही सेफ्टी लावून बोट बाजूला घेता. "नॉट क्लिअर," तुम्ही म्हणता. "मेबी बेबी बिहाइंड. आय डोन्ट शूट." एवढ्यात वारा फिरतो, शेळीची मान वर होते आणि सगळा कळप कड्यावरून भुर्रकन नाहीसा. तिच्यामागून खरंच एक पिल्लू निघालं, बाबा. तिला चिकटून उभं होतं ते, आणि माझ्या काय, स्टॉकरच्याही नजरेतून सुटलं होतं.

स्टॉकरने रायफल हातात घेतली, दुर्बिणीची पुढची काच बघितली आणि बोट फिरवलं. बोट लालभडक. तुमचा चेहरा असा उतरला की माझ्याने बघवेना. मशीनला लावायचात तसा कपाळ समजून काचेलाही टिळा लावला होतात, आणि कव्हरमध्ये घासून तो काचभर झाला होता. तुम्हाला वाटलं होतं, डोळेच गेले. "माय मिस्टेक," तुम्ही सरळ म्हणालात. "माय पूजा." त्याने रुमालाने काच पुसली. मग म्हणाला, लंडनहून मोठमोठे साहेब येतात इथे, समोर निम्मं दिसलं तरी बार काढतात, आणि मग जखमी जनावर शोधत मी दोन दोन दिवस हिंडतो. तुला मी माझी रायफल केव्हाही देईन. खाली उतरताना ती त्याने खरंच तुमच्या खांद्यावर दिली. आजवर इतक्या ठिकाणी मिरवले, पण त्या उतारावर तुमच्या मागून चालताना जो अभिमान वाटला तो पुन्हा नाही वाटला. आज मी ट्रेनचे ब्रेक तपासते. नीट दिसलं नाही तर सही करत नाही, मग मॅनेजर कितीही ओरडू दे.

पुढच्या वर्षी तुमचा गुडघा पार गेला, त्यामुळे डोंगर संपला तो संपलाच.

पण मंडळाची पंगत अजून डोळ्यांसमोर आहे. आईने मुकाट्याने लॅम्ब शिजवलं होतं. तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "हात हलवत आलोय. चूक माझी, एकट्याची. दुर्बिणीला कुंकू लावलं." हॉल असा फुटला हसून! पुढची दहा वर्षं तुम्हाला लोक तेच ऐकवत राहिले, आणि तुम्ही प्रत्येक वेळी हसून घेतलंत.

इथपर्यंत लेकाला सांगितलं. पुढचं नाही. त्या किचनमध्ये तुम्ही दुर्बिणीच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलंत तेव्हा मी शेजारीच होते. मी इंजिनिअरिंगची मुलगी, काचेला रंग लागला की काय होतं ते मला कळत होतं. पण बाहेर स्टॉकरचे बूट वाजत होते, आणि मला तुमची लाज वाटत होती, बाबा. त्या उदबत्तीची, तुमच्या अनवाणी पायांची. तो आत यायच्या आधी सगळं आटपावं एवढंच मला हवं होतं, म्हणून मी गप्प राहिले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही ते बरंच आहे. तुम्ही चूक एकट्याची म्हणालात तेव्हा मी पुऱ्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.