उपड्या बशीची खूण

अल-खोबर,
६ सप्टेंबर २०१३

ती. ताईस,
रणजितचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर आई स्पीकर लावून बसते, म्हणून हे पत्र. सौदी माणसांनाच कामं द्यायच्या नव्या नियमांत, सौदीकरणात, नसरुद्दीनभाईंचं दुकान गेलं. ते गाशा गुंडाळून गोव्याच्या विमानाने येताहेत. पत्र तुझ्या हातात देतील आणि मग रत्नागिरीला जातील. त्यांना चहा दिल्याशिवाय सोडू नकोस. चोवीस वर्षं इथे काढली त्यांनी.

तुझ्या संस्थेचं बोलावणं पोचलं. अंटार्क्टिकाच्या बोटीवर समुद्रतळाचा गाळ काढायला रणजितच हवा, असं तुमचे डायरेक्टर म्हणतात हे वाचून दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, जमिनीवर आणलं. सौदी माणसं कमी म्हणून कंपनीला इथे राहण्याचा माझा परवाना, इकामा, वाढवून मिळत नाही. तो नोव्हेंबरात संपतो. म्हणून जातो म्हटलं, तर देशाबाहेर जाण्याच्या कागदावर मुदीर सहीही करत नाही. माझ्या जागी घेतलेला सौदी माणूस हे काम एकट्याने करू लागला की सही करीन म्हणतो. पासपोर्ट त्याच्या कपाटात. राहू देत नाहीत आणि जाऊही देत नाहीत, अशी गत आहे.

तो सौदी माणूस म्हणजे इमाद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, घरी तीन लेकरं. चार महिने फक्त हजेरीपटावर सही करायला येत होता. मी वैतागून विचारलं, तेव्हा सरळ म्हणाला की, कंपनीला माझं नाव हवं होतं, काम हवं आहे असं मला कुणी सांगितलंच नाही. यात त्याचं काय चुकलं?

आता रोज येतो. पण शिकवू कशावर? आमच्या कोअर, म्हणजे तळात नळी ठोकून काढलेल्या गाळाच्या कांड्या, दुसऱ्याच दिवशी तेलकंपनीकडे जातात. २००९ साली मी तुमच्या बोटीवर काढलेल्या कांड्यांचे फोटो पाठवशील का? संस्थेने तीस नोव्हेंबरपर्यंत जागा धरली आहे. त्याच्या आत हा बाबा तयार झाला पाहिजे.

लोभ आहेच, त्याची मुदत माझ्या इकाम्यासारखी संपू देऊ नकोस.

तुझा,
रणजित

—

वास्को,
२१ सप्टेंबर २०१३

चि. रणजित यास,
अ. उ. आ.

नसरुद्दीनभाई आले, चहा घेतला, आईने हट्टाने मोदकही खायला लावले. तू सुकला आहेस का, असं तिने तीनदा विचारलं. अल्लाच्या कृपेने पोट सुटलंय म्हणाले. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

एका कांडीचे फोटो मोठे छापून पाठवते आहे, मीटरभराचे पाचही तुकडे. तिसऱ्या तुकड्याकडे नीट बघ, कारण माझा अख्खा पेपर त्याच्यावर उभा आहे. दगडगोटे मिसळलेला घट्ट गाळ म्हणजे तिथे बर्फाचा थर टेकलेला होता. मऊ हिरवट गाळ म्हणजे बर्फ मागे हटला आणि समुद्र मोकळा झाला. बाकी कांडीत खाली दगड आणि वर मऊ गाळ, सरळ कहाणी. तिसऱ्या तुकड्यात मात्र मऊ गाळावर पुन्हा दगड! म्हणजे गेलेला बर्फ एकदा परत आला होता. काळ ठरवायला शिंपले सापडत नाहीत, त्यामुळे थरांची साक्ष हाच पुरावा. चार वर्षं खपले आहे मी त्यावर. जानेवारीत छापून येईल.

आईला मी एवढंच सांगितलं, की हजारो वर्षांपूर्वी गेलेला बर्फ परत येतो, तर तुझा लेक कुठला राहायला? तिला ते फार आवडलं, शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. माझी लाज राख रे बाबा.

जेवणखाण वेळेवर कर. रागाच्या भरात मुदीरशी भांडू नकोस, पासपोर्ट त्याच्याकडे आहे. तुझ्याविषयीची माया काळजीसकट पाठवते आहे.

तुझी,
ताई

—

अल-खोबर,
१२ ऑक्टोबर २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहितो.

इमादला मी पहिल्या आठवड्यात एक खूण शिकवली होती. नळी खाली घुसताना कडेचा गाळ घासून खाली ओढला जातो, म्हणून थर उपड्या बशीसारखे दिसतात, कडा खाली आणि मध्य वर. परवा तुझे फोटो टेबलावर मांडून बसलो होतो. त्याने तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, की उस्ताद, बाकी चार बश्या उपड्या, ही एकच सुलटी कशी?

मी म्हटलं, फोटो उलटा छापला असेल. नळीवरचा, वरची बाजू दाखवणारा बाण बघितला. बाण माझ्याच हातचा होता.

ताई, तो तुकडा उलटा आहे. तुमच्याकडे नळीच्या प्रत्येक तुकड्याच्या वरच्या तोंडाला लाल टोपण लावतात. मी त्याआधी सहा वर्षं खोबरला होतो आणि इथे लाल टोपण तळाला. बोटीवर रोज सकाळी स्वतःला बजावायचो. त्या दिवशी समुद्र खवळलेला, बोटं बधिर, आणि हाताने जुन्या सवयीने लाल टोपण तळाला लावलं. मग टोपण बघून बाण काढला. चार वर्षं तू माझ्या चुकीवर खपलीस. कोणत्या तोंडाने माफी मागू?

पुढचं ऐक. इमादने हे सगळं एका कागदावर लिहिलं आहे. मुदीरला हेच हवं होतं, त्याने एकट्याने कोअर तपासल्याचा दाखला. पण मुदीरची अट अशी, की ज्यांची कोअर त्यांनी अहवाल बरोबर असल्याचं लिहून द्यावं. म्हणजे तुमच्या डायरेक्टरांनी. मग तुझा पेपर बुडाला आणि बोटीवरची माझी जागाही गेली. चुकीचा बाण काढणाऱ्याला पुन्हा कोण नेणार?

इमादने ते ओळखलं. कागद माझ्या हातात ठेवून म्हणाला, फाडायचा तर फाडा, खलास, मी कुठे बोलणार नाही. मुदीरसाठी दुसरं काही शोधू. पण दुसरं काही नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. इकामा संपला की मी इथे बेकायदा, आणि सहीशिवाय विमानतळावर पाऊल ठेवता येत नाही. संध्याकाळी समुद्रावर जातो. पलीकडे बहारीनचा पूल दिव्यांनी उजळलेला दिसतो, गाड्या जाताना दिसतात. मला भीती वाटते, ताई.

अहवालाची प्रत सोबत आहे. मूळ कागद माझ्या ट्रंकेत. चूक माझी, पण पेपर तुझा, म्हणून ठरव तू. तू फाड म्हणालीस तर फाडीन आणि मनात काही धरणार नाही.

लोभ मागायचा हक्क आज नाही. असेल तेवढा ठेव.

रणजित

—

वास्को,
२४ ऑक्टोबर २०१३

चि. रणजित यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मंगळवारी मिळालं. तशीच कांड्या ठेवतात त्या शीतगृहात गेले आणि तिसरा तुकडा उघडला. इमाद म्हणतो तसंच आहे. तुकडा फिरवून ठेवला तर वरचे, खालचे थर असे चपखल जुळले, की मी तिथेच स्टुलावर बसून रडले. तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तुझं नावही घेतलं नाही, आईला वाटलं भांडण झालं. पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला. त्या बश्या चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मला बर्फ परत यायला हवा होता, म्हणून मी बघितल्याच नाहीत.

आज डायरेक्टरांना सगळं सांगितलं. पेपर मी मागे घेतला. बोटीवर तुझ्या जागी दुसरा माणूस जाईल, ते त्यांनी स्पष्टच सांगितलं, आणि मी वाद घातला नाही. मग त्यांनी इमादचा अहवाल दोनदा वाचला आणि हा माणूस कोण, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाचा विद्यार्थी. हे म्हणताना मला बरं वाटलं, तेही तुला कळू दे.

अहवाल बरोबर असल्याचं त्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र सोबत आहे. मुदीरच्या हातात स्वतः दे आणि सही झाल्याशिवाय तिथून हलू नकोस. इमादला माझा नमस्कार सांग.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती शेजारी अजून ते बर्फाचंच सांगत फिरते आहे. गेलेला बर्फ परत आला नव्हता, रणजित. तू ये.

तुझी,
ताई