बिशपसाहेबांनी घेतलेली शेळी

छावणी, औरंगाबाद
फेब्रुवारी १९९४

राइट रेव्हरंड बिशपसाहेब, म्हणजेच आमचे थोरले दादा, यांना धाकटी बहीण मालन हिचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? तिळाचं तेल कोमट करून चोळत जा. विकतचं मलम आणू नका, त्यात नुसता वास असतो. आम्ही सगळे बरे. ह्यांना वाळूजच्या कारखान्यात आता सकाळपाळी आहे, त्यामुळं घरात शांतता असते (दुपारपर्यंत). माझ्या लेकीच्या, सुवार्ताच्या, पाळकपणाच्या अर्जाबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. "मंडळी बाईला वेदीपाशी उभं राहू देणार नाही, थोडं थांबू," असं तुम्ही माझ्याच घरी जेवताना तिच्यादेखत म्हणालात, आणि तरीही मी तुम्हाला तिसरी भाकरी वाढली. यावरून माझा स्वभाव दिसतो. हे पत्र शेळीबद्दल आहे.

हंगामाच्या उपासनेला, म्हणजे सुगीचं पहिलं फळ देवाला वाहतात त्या रविवारी, तुमचा परिचय वाचायचं काम माझ्याकडं आलं (मॅट्रिक आणि सख्खी बहीण, दोन्ही एकाच खर्चात). मी सगळं सांगितलं: फुलंब्रीचं घर, मिशनचं बोर्डिंग, जुन्या अँग्लिकन साहेबांच्या हाताखालची उमेदवारी, नामांतराच्या दंग्यात घरं जळालेल्यांना चर्चचं दार उघडून दिलंत ते, आणि मग बिशपपद.  दंग्याच्या वेळी चर्चच्या बाकांवर निजलेलं एक लेकरू आज ह्यांच्याच खात्यात फिटर आहे, आणि विद्यापीठाला गेल्याच महिन्यात बाबासाहेबांचं नाव लागलं. इथवर सगळं ठीक झालं.

मग लिलाव. तुम्ही मोठ्या शहरांत वावरलेले, म्हणून सांगते. आपल्याकडं देवाला वाहिलेल्या वस्तू उपासनेनंतर बोलीनं विकतात, आणि ज्यानं जीव लावलेली वस्तू वाहिली, त्यालाच ती सोडवून नेऊ देतात. बाकीचे समजून वरची बोली लावत नाहीत. त्या दिवशी कणसं होती, भोपळे होते, वाळूजच्या पोरांनी वाहिलेलं स्कूटरचं टायरही होतं. करमाडच्या गोजरबाईनं दुभती शेळी वाहिली होती. तिनं बोली लावली आणि नेमका तेव्हाच तुम्ही लेकरांना आशीर्वाद द्यायला हात वर केलात. लिलाव पुकारणारे सदाशिव मास्तर ओरडले, "साहेबांची बोली!" गोजरबाईनं वाढवली. तुम्ही नाही-नाही म्हणून हात हलवलात, आणि जितक्यांदा हलवलात तितक्यांदा मास्तरांनी आकडा चढवला. शेळी तुमची झाली, पैसे ह्यांनी भरले, आणि तुम्ही दौऱ्यावर गेलात.

शेळी माझ्या दारात राहिली. तिनं कुंडीतली मेथी, ह्यांचा मोजा आणि नाताळचा कागदी तारा खाल्ला. तिकडं गोजरबाई चर्चला येईना. तिचा निरोप आला, "लई मोठा बिशप हाय म्हनं. गरिबाची शेळी वडून न्यायची व्हय?" तिच्यामागं करमाडची सगळी घरं यायची थांबली. आपले पाळकसाहेब समजूत घालायला गेले, तर त्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

शेवटी सुवार्ता शेळी टेम्पोत घालून गेली. तिनं उपदेश केला नाही, धार काढायला बसली. धार तिला येत नाही. शेळीनं लाथ मारली, दूध सांडलं, पोरगी आडवी झाली आणि गोजरबाईला हसू आवरेना. रविवारी करमाडची माणसं टेम्पो भरून हजर! गोजरबाई चर्चच्या दारातच मास्तरांना म्हणाली, "ह्या पोरीला पाळक कवा करनार? आमाला हीच पायजे. बाई हाय तर काय झालं?" मास्तर म्हणाले, "आमेन." मी तिथं काही बोलले नाही, इथंही बोलत नाही. शेळी गोजरबाईकडं सुखरूप पोचली, एवढंच कळवायचं होतं.

तुमची आज्ञाधारक बहीण,
मालन

ता. क. सुवार्ताचा अर्ज सोबत आहे. सही करायच्या जागी पेन्सिलीनं फुली केली आहे. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलंय. तिकीट वाया जाऊ देऊ नका.

आणखी ता. क. दादा, हे बिशपाला नाही, तुला लिहिते. परिचयातून मी एक गोष्ट गाळली. फुलंब्रीला तुझा पहिला उपदेश होता, तू उभा राहिलास आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा तुझ्या हातातला कागद घेऊन, वेदीपाशी उभं राहून मी तो सगळा वाचला. मंडळी कुठं उठून गेली होती? बाहेर आल्यावर उलट तुझीच पाठ थोपटत होती. पुढच्या रविवारी तू स्वतः बोललास. आता पोरीला उभी राहू दे.