दुसऱ्या वाचकाची सही

३ मार्च, सोमवार

'टेक' या इंग्रजी क्रियापदाचे एकेचाळीस अर्थ. इंग्रज एकाच शब्दावर संसार चालवतो. चिनी भाषेत मात्र बसमध्ये 'बसायचे', वेळ 'खर्चायचा', औषध 'खायचे'. प्रत्येक अर्थाची स्वतंत्र चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात दुसऱ्या वाचकाची शाईतली सही— हा आमच्या इंग्रजी-चिनी कोशाचा नियम. तीस वर्षे ती सही हिची होती. हिला जाऊन सात आठवडे झाले. 'टेक'चे सगळे कोपरे कोरे आहेत.

४ मार्च

संपादकांचा फोन. "सर, शुक्रवारी 'टेक' हातात हवा. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे सोपवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." वाटून घेतले.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी वाचू का?" ती शाळेत चिनी शिकवते, हे खरे. तथापि शाळा वेगळी, कोश वेगळा. "त्याला तुझ्या आईची नजर लागते," मी म्हणालो. ती भांडी आवरायला गेली.

५ मार्च

दोनच अर्थ पुन्हा तपासून झाले. काखेत कळसा म्हणतात तसे— चष्मा कपाळावर आणि तासभर शोध. सांगणारे कुणी नाही.

६ मार्च

मेजावरची 'औषध घेणे' या अर्थाची चिठ्ठी मुलीने न विचारता वाचली. उदाहरणात मी बाटलीतले औषध 'खाल्ले' होते. त्यावर तिने पेन्सिलीने फुली मारली. "गोळी खातात, बाबा. पातळ औषध पितात. आईला चमच्याने तुम्हीच तर पाजत होतात."

खरे आहे.

फुलीकडे बराच वेळ पाहत राहिलो. एक रेघ आखूड, एक लांब. गेल्या हिवाळ्यात हिच्याकडून परत येणाऱ्या चिठ्ठ्यांवर अशाच फुल्या असत. त्या दिवसांत हिने माझ्या जितक्या चुका पकडल्या, तितक्या कधीच नाहीत. आजारपणातही काय नजर, असे मी ज्याला त्याला सांगत असे. जुन्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहिल्या.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी मुलीला विचारले. "ऑक्टोबरपासून आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं. तुम्ही कामावर गेलात की मी वाचायचे, ती सही करायची. म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, काम टाकून उशाशी बसतील."

एकेचाळीस चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. आधी पेन्सिल दिली, मग पेन.