जस्ताचे अठरा मिलिमीटर

आदिलाबाद
१२ फेब्रुवारी १९९१

प्रिय रुख्मिणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार नाहीस, एवढीच आशा. तुझा प्रबंध विद्यापीठात वर्षभर अडकलाय आणि तू भीमपूरला घरच्या शेतात कापूस वेचतेस, असं कळलं. फार वाईट वाटलं.

मी संशयी, हे तुला ठाऊक आहे. भाजीवालीने तराजू उचलला की माझी नजर काट्यावर. सरांच्या हाताखाली आपण दोघी प्रयोगशाळेत असताना तरी ती कशी शांत बसणार? तू सेंद्रिय लिगंडला, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूला, तांबं, निकेल, जस्त जोडून संयुगं करायचीस. मी जंतू पाण्यात पातळ करून बशीतल्या आगरच्या जेलीवर पसरायचे. संयुग लावलेल्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, ते मोकळं कडं तू मोजायचीस. तांब्याचं बावीस मिलिमीटर, ठीक. पण जस्ताचंही अठरा? सव्वा वर्षापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीने प्रयोग पुन्हा केला, तर जेमतेम नऊ. त्या दिवसापासून तुझी पट्टी, तुझी वही, तुझं हसणंसुद्धा मला खोटं वाटू लागलं. तू डब्यातली पोळी पुढे केलीस तरी वाटायचं, ही काहीतरी झाकतेय.

गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना दाखवायला जस्ताचं संयुग पुन्हा लावलं. अठरा! माझ्याच पट्टीने. पुन्हा मोजलं, तेवढंच. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र पुन्हा बिघडल्यामुळे आपल्या प्रयोगांच्या वेळेसारखंच घरून कॅनमध्ये पाणी नेलं होतं. त्या दिवाळीत मात्र ते यंत्र नुकतंच दुरुस्त झालं होतं. घरी येऊन आईला विचारलं, पाण्यात काही टाकतेस का. ती कणीक मळता मळता म्हणाली, "काऊन टाकू काही? आमी तर तुले पहिल्यापासून तांब्याच्या घागरीतलंच भरून देतो."

तांब्यात रात्रभर राहिलेलं पाणी जंतू मारतं, हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला सुचू नये! पातळ करतानाच बहुतेक जंतू मरत होते. उरलेले विरळ, म्हणून कडी मोठी. दोन्ही पाणी शेजारी शेजारी लावून खात्री केली. तू जे दिसलं तेच लिहिलं होतंस, रुख्मिणी. चूक माझ्या घरच्या पाण्याची होती.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले ते. तू आकडे फुगवलेस, असं विद्यापीठाला कळवणारं निनावी पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हाताने, अक्षर कळू नये म्हणून. काल दुसरं पत्र पाठवलं, सगळं मांडून, खाली पूर्ण नाव लिहून. त्याची नक्कल सोबत आहे. आज सकाळी सरांनाही सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता लिहून दिला आणि तोंड फिरवलं. तूही फिरव. पण आधी परत ये, आणि प्रबंध पुरा कर.

तुझीच म्हणवण्याचा हक्क उरला नाही, तरीही तुझीच,
जयवंता