दोष पंपाचाच

३ एप्रिल, सोमवार
ट्रकच्या डिझेल टाकीचं झाकण हरवलं. डिझेल भरणाऱ्याने ते मडगार्डवर ठेवलं आणि मी गाडी काढली. तो म्हणतो, निघण्याआधी तुम्ही बघायला हवं होतं. बघणं त्याचं काम! नवीन झाकण दुकानात दोन आठवड्यांनी येणार. तोवर चिंधी कोंबून हिंडणारा माणूस मी नाही. घरीच बनवलं. स्टीलच्या डब्याचं टोपण, आतून कुकरची रबरी रिंग कापून दुहेरी, वरून क्लॅम्प आवळला. मुंगीसुद्धा आत जाणार नाही. कंपनीच्या झाकणाला तर बारीकसं भोक होतं, मी स्वतः पाहिलंय. एवढी मोठी कंपनी आणि साधं झाकण धड बनवता येत नाही.

रिंगेबद्दल बायकोला अजून बोललेलो नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

४ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११
ट्रक चढावर बंद पडला. बारा वर्षांत पहिल्यांदा. बर्फाच्या कारखान्यात लाद्या भरायच्या, मासळी बाजारात उतरवायच्या, चाळीस मिनिटांचा रस्ता. पंचविसाव्या मिनिटाला, सिग्नलपुढच्या चढावर, दोन आचके आणि खेळ खलास.

खाली उतरून इंजिनाकडे थोडा वेळ रोखून बघितलं. मग डिझेल आहे ना म्हणून टाकीचं झाकण काढलं. फुस्स असा आवाज आला. यावरून माझं झाकण किती पक्कं बसलंय ते कळतं. डिझेल भरपूर. झाकण परत आवळलं, हँड पंप मारून लाइनमधली एअर काढली, सेल्फ दिला. चालू! हे हातातच असावं लागतं.

बाजारात लाद्या कोपरे झिजून पोचल्या. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

६ एप्रिल, गुरुवार
काल एकदा, आज दोनदा. जागा तीच, मिनिट तेच. उतरा, डिझेल बघा, फुस्स, एअर काढा, चालू. निदान: डिझेल फिल्टर चोंदला. नवा टाकला. जुना कापून बघितला तर आत स्वच्छ निघाला. म्हणजे घाण पुढे गेली.

बायको म्हणाली, माझ्या भावाला दाखवा. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, डिझेल पंपाचा मिस्त्री. गॅरेज तीन गल्ल्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी घरच्या कार्यक्रमात, सगळ्या नातेवाइकांसमोर, दाजींना पाना कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही, असं म्हणाला आणि सगळे हसले. त्याचा हात माझ्या ट्रकला लागणार नाही असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. तेव्हापासून अबोला. मी शब्दाचा पक्का आहे.

७ एप्रिल, शुक्रवार
कुकरची शिट्टी होत नाही म्हणून घरात बोंबाबोंब. बायकोने सगळी भांडी खाली काढली. रिंग कुठे गेली, रिंगेला काय पाय फुटले, असं चाललं होतं. मीही शोधायला मदत केली. बटाटे पातेल्यात उकडले, दीड तास लागला.

वर तिने तेलाचा नवा डबा फोडला आणि झाकणाला समोरासमोर दोन भोकं पाडली. मी म्हटलं, ओतायला एक पुरे, दुसऱ्याने धूळ जाते. ती म्हणाली, एकानं तेल येत नाही, अडतं. काय बोलायचं! यंत्रांशी संबंध नसला की असं होतं. वाद घातला नाही.

९ एप्रिल, रविवार
बर्फाच्या कारखान्याच्या मॅनेजरने बोलावलं. खुर्ची दिली नाही. म्हणाला, आम्ही बर्फ विकतो, पाणी तुम्ही पोचवता. बाजारातून रोज तक्रार. सोळा तारखेपर्यंत बघतो, सतरापासून एकदा जरी उशीर झाला तरी काम गारगाडीवाल्याला. त्याची गाडी नवी आहे, आतून थंड राहते.

मी हसून म्हटलं, साहेब, दोष सापडलाय, दोन दिवसांचं काम. बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. बावन्न वर्षांचा आहे मी. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ आहे, आणि याखेरीज मला काहीही येत नाही. हे कुणाला बोललेलो नाही.

निश्चय: घाबरायचं नाही. एकेक पार्ट काढून दोष कोंडीत पकडायचा.

१० एप्रिल, सोमवार
पकडला! फीड पंप. टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देतो तो. ओढायची ताकद गेलीय, दुसरं काही असूच शकत नाही. नवा बसवला, अडीच तासांत. बोटं सोलली. घराभोवती पंधरा मिनिटं फिरवला. काय आवाज, वा! बायकोला म्हटलं, बघ, मिस्त्री लागतो कशाला. ती पातेल्यात डाळ घोटत होती.

११ एप्रिल, मंगळवार
पंचविसावं मिनिट. चढ. आचके.

ट्रकला त्या जागेची सवय लागलीय.

१२ एप्रिल, बुधवार
आता फक्त मोठा पंप उरला. म्हणजे दोष मोठ्या पंपाचाच. गणित सोपं आहे. कारखान्याला रविवारपर्यंत तब्येतीचं सांगितलं. खोटं नाही, झोप उडालीय.

भंगारवाल्याकडे याच मॉडेलचा पंप मिळाला. बदल्यात माझा त्याला द्यायचा ठरला. तो म्हणाला, मिस्त्री कोण आहे? मी म्हटलं, मीच.

काढण्याआधी खुणा करायच्या असतात, नाहीतर टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, चुकतं. केल्या, खडूने.

१३ एप्रिल, गुरुवार
डिझेलच्या फडक्याने सगळं पुसून लख्ख केलं. खुणाही पुसल्या गेल्या. अंदाजाने बसवू. डोळ्यात माप आहे आपल्या.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १
नाही होत.

तीनदा बसवला. पहिल्यांदा पांढरा धूर, गल्लीतले वाळत घातलेले कपडे लोकांनी पळवत आत नेले. दुसऱ्यांदा इंजिन घणासारखं ठोकायला लागलं, घाबरून बंद केलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. एक वॉशर उरलाय, कुठला ते आठवत नाही. तीन गल्ल्या चालून जायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच आहे. चपला घातल्या होत्या. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तो हसला तर? नाही हसला तर जास्त वाईट.

संध्याकाळी ५
चमत्कार! जेवून डोळा लागला, दोन तास गाढ. उठून सहज सेल्फ दिला आणि एका फटक्यात चालू! धूर नाही, ठोका नाही, मऊ लोण्यासारखं. तिसऱ्यांदा बरोबरच बसला होता, फक्त मुरायला वेळ हवा होता. उरलेला वॉशरही दिसत नाही, म्हणजे तो उरलाच नव्हता. पाने पेटीत ओळीने लावलेले दिसले. झोपेआधी मीच लावले असणार, शिस्त अंगात भिनलीय. बायको ओट्यावर चहाचे दोन कप विसळत होती. हल्ली ती दोनदोन कप घेते, टेन्शनमुळे.

पाना कुठल्या बाजूने धरतात, विचारा म्हणावं आता!

१६ एप्रिल, रविवार
ट्रक पुसला. हार घालावासा वाटला. उद्या सहाला लाद्या भरायच्या, सातच्या आत बाजारात. बायको म्हणाली, मी येते सोबत. म्हटलं, ये, बघ तरी नवरा काय चीज आहे.

१७ एप्रिल, सोमवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

पंचविसाव्या मिनिटाला बंद पडला.

मी उतरून सरळ पंपाला भिडलो. एअर काढली. परत काढली. चारदा काढली. सेल्फ मारून मारून बॅटरीचा आवाज बसत चालला. मागून पाणी गळायला लागलं, रस्त्यावरून ओघळ थेट सिग्नलपर्यंत गेला. पाऊण तास गेला. मग मी फुटबोर्डवर बसून रडलो. बायकोसमोर. इंजिनात तोंड घालून ओरडलो, मी तुझं काय वाकडं केलंय?

बायको म्हणाली, मी काय करू ते सांगा. भान नव्हतं. म्हटलं, टाकीत डिझेल आहे का बघ.

आतापर्यंत त्या झाकणाला मी तिला हात लावू दिला नव्हता.

फुस्स. मी गेलो तर ती टोपण हातात धरून उभी. म्हणाली, ही माझी रिंग आहे, या बाजूचा करपलेला डाग माझा आहे. मी म्हटलं, योग्य वेळ बघून सांगणार होतो. ती ओरडली नाही. टाकीत वाकून बघितलं, परत टोपणाकडे बघितलं आणि म्हणाली, अहो, डिझेल खाली जाणार तर त्याच्या जागी हवा कुठून येणार? दुसरं भोक कुठंय?

टोपण न लावता सेल्फ दिला. चालू झाला. चढ असा चढला की जणू रिकामा आहे. तसा तो होतच आला होता म्हणा.

बाजारात पोचलो तेव्हा गारगाडी लाद्या उतरवून परत निघत होती. कारखान्याचा मॅनेजर स्वतः तिथे उभा होता. रागावला नाही. बारा वर्षं चांगलं काम केलंत म्हणाला, आणि हात मिळवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

परतताना बायकोने सांगितलं. शुक्रवारी दुपारी मी झोपलो तेव्हा ती भावाला बोलावून आली होती. टायमिंग त्याने लावलं. दाजींना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल, असं सांगून चहा पिऊन गेला.

तो हसला का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

१८ एप्रिल, मंगळवार
कुकरची नवी रिंग आणली. बटाटे तीन शिट्ट्यांत झाले. दुकानात टाकीचं झाकणही आलं होतं, भोकाचं. बसवलं.

सकाळी सहाला सवयीने जाग आली. ट्रक दारातच चालू केला आणि घड्याळ बघत बसलो. पंचविसावं मिनिट गेलं. चाळिसावं गेलं. एक तास झाला, एकदाही आचका नाही.

मग मीच बंद केला.