धुता येणारा फिल्टर आणि मनोरीचा वारा

बोरिवली (पश्चिम)
दिवाळी तोंडावर

चि. मुकुल यास,

बोरिवलीच्या धुळीतून माणिकताईचे भरघोस आशीर्वाद. मध्ये दोन शिंका आल्या, त्या वगळून घे. तुझा गुडघा कसा आहे? आमची भावजय अक्षता सांगत होती की तू जिना उतरताना 'आई गं' म्हणतोस आणि चढताना काही म्हणत नाहीस. म्हणजे दुखणं निम्मंच आहे, तेव्हा काळजी नसावी. मुलुंडची हवा उत्तम आहे असं तू फोनवर म्हणालास. खिडकीतून डोंगर दिसला की हवा उत्तम, हा तुझा निकष. (एप्रिलमध्ये मी आले होते तेव्हा डोंगर दिसत नव्हता, तर तू म्हणालास धुकं आहे. मुकुल, एप्रिलमध्ये धुकं नसतं.) असो. घरातली हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला तो धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर घ्यावा का, असं तू विचारलंस आणि मी उत्तर सुरू करताच 'बरं ताई, ठेवतो' म्हणालास. म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

आमच्या समोरची इमारत पाडली हे तुला ठाऊक आहे. तिच्या डावीकडची त्याआधीच पाडली होती आणि उजवीकडची रिकामी करून ठेवली आहे. पुनर्विकास म्हणजे काय, तर जुनी इमारत पडते, नवी उभी राहते आणि मधल्या काळात जुनी शेजाऱ्यांच्या नाकात राहते. तुझ्या भाऊजींना सकाळी शिंका सुरू झाल्या की दूधवाला, पेपरवाला आणि वरच्या मजल्यावरचा कुत्रा, तिघांनाही दिवस उजाडल्याचं कळतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही ते यंत्र आणलं. तांदळाच्या डब्याएवढं आहे, वर एक दिवा. हवा बरी असली की हिरवा, वाईट असली की लाल. मी हळदकुंकू लावलं, भाऊजींनी बटण दाबलं, आणि आठवड्याभरात शिंका इतक्या कमी झाल्या की कुत्रा उशिरा उठू लागला.

पुढे पावसाळा सरता सरता यंत्रावर दुसराच एक दिवा लागला : फिल्टर बदला. मी उघडून पाहिलं. पुठ्ठ्याची चौकट, आत चुण्या घातलेला कागद, शाळेच्या स्कर्टसारखा. आणला तेव्हा पांढरा होता, आता हत्तीच्या रंगाचा झाला होता. कडेला छापलं होतं, 'धुऊ नये'. मला कुणी 'नये' असं छापून पाठवलं की माझं काय होतं, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मी तिथेच उभी राहिले आणि बोलू लागले. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवतात, ज्या घरात साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचे काकडे वळून चूल पेटते, त्या घराला तुम्ही सांगता फेकून द्या आणि नवा घ्या? हा वापर नव्हे, ही वर्गणी आहे, श्वासाची वर्गणी! भाऊजी म्हणाले, "अगं, ते यंत्र आहे. ते ऐकत नाही." मी म्हटलं, जे ऐकत नाहीत त्यांच्याशीच बोलावं लागतं, जे ऐकतात ते आधीच आपल्या बाजूचे असतात. आणि मी तो फिल्टर रिठ्याच्या पाण्यात बुडवला.

बादलीतून काढताना निम्मा हातात आला आणि निम्मा बादलीत राहिला. भिजवलेले पोहे तरी आकार धरतात. भाऊजी दारात उभे राहून पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "नये म्हणजे नये होतं वाटतं."

पण एका बादलीत बुडेल तो विचार नव्हे. मी बाजार धुंडाळला आणि धुता येणारा फिल्टर मागवला. निळी दाट जाळी, प्लॅस्टिकची चौकट. नळाखाली धरा, पूर्ण वाळवा, परत लावा, वर्षानुवर्षं वापरा. शिवाय तो घरातले वास धरून ठेवतो अशी जाहिरात होती (हे लक्षात ठेव). त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. विषय होता पाण्याची टाकी. मी टाकीवर उभी राहून हवेवर बोलले, म्हणजे विषय टाकीचा होता, बोलले हवेवर. अर्धा तास बोलले असेन. तहानेपासून सुरुवात केली, मिठाच्या सत्याग्रहावरून गेले आणि निळ्या जाळीवर आले. शेवटी 'धुवा, वाळवा, वापरा' ही घोषणा दिली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरचे जे निव्वळ चहासाठी थांबले होते, त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

फक्त आमचे सेक्रेटरी दत्ताराम उठले. त्यांच्याकडे आमच्यासारखंच यंत्र आहे, पण ते इमानदारीत पुठ्ठ्याचा फिल्टर बदलतात. मालवणचा माणूस, आवाज चढवत नाही. "ताईनू, त्या जाळीत झुरळ अडकतला, धूर नाय अडकाचो," एवढं म्हणून ते बसले. सभा हसली. मुकुल, टाळ्यांनंतर लगेच आलेलं हसू फार लागतं. माझ्या तोंडून निघून गेलं की दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात दोन्ही यंत्रं बंद खोलीत लावू. ज्याचा दिवा आधी हिरवा होईल तो जिंकला. मी हरले तर वर्षभर सोसायटीच्या माईकला हात लावणार नाही. दत्तारामांनी वहीत नोंद केली आणि विचारलं, "वर्ष खयपासून धरूचा?" वर्ष कुठून मोजायचं, हे आत्ताच! म्हणजे बघ.

आता ती जाळी धुणं सोपं आहे. अवघड आहे ते वाळवणं. ओली लावली तर बुरशी धरते. उन्हात ठेवली तर वाकते. म्हणून मी ती सावलीत, बाल्कनीत दोरीवर टांगली. संध्याकाळी काढायला गेले तर निळी जाळी करडी होऊन बसलेली. समोरच्या इमारतीचा दुसरा मजला तिच्यात आला होता. पुन्हा धुतली, हॉलमध्ये पंख्याखाली ठेवली, तर पंख्याने गणपतीपासून साठवलेलं सगळं तिच्यावर अर्पण केलं. पुन्हा धुतली, न्हाणीघरात टांगली, तिथे ती वाळेचना. म्हणजे अशी गाठ पडली की फिल्टर स्वच्छ वाळवायला स्वच्छ हवा हवी आणि हवा स्वच्छ करायला वाळलेला फिल्टर हवा. या कोड्यावर मी एक आख्खं व्याख्यान देऊ शकते, पण तोवर भाऊजींच्या शिंका परत आल्या आणि कुत्रा पहाटे उठू लागला.

मार्ग भाऊजींनीच काढला. मार्ग कसला, बेत. ते म्हणाले, समुद्राचा वारा सगळ्यात स्वच्छ, आपण जाळी मनोरीला नेऊन वाळवू. (तुझ्या भाऊजींना मनोरी सुचली यात मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निवृत्तीनंतर त्यांना समुद्र फक्त माशांमुळे आठवतो.) आमची कोळीण पुतळाबाई मनोरीची, तिला फोन केला. मग आम्ही दोघं, साठी उलटलेली, ओली जाळी उशीच्या अभ्र्यात घालून मार्व्याच्या धक्क्यावर गेलो आणि बोटीत बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "देव आहे का?" भाऊजी म्हणाले, "हो, वायू." तिने अभ्र्याला हात लावून नमस्कार केला.

पुतळाबाईच्या अंगणात बोंबील वाळत होते. बांबूंवर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने लटकलेले, हुबेहूब आमच्या कमिटीसारखे. अभ्र्यातून जाळी निघाली तशी पुतळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो बाय, ह्यो कंचा मासा?" मी तिला हवेचं प्रदूषण, ग्राहकाची फसवणूक आणि वस्तूचा पुनर्वापर समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सुकवायचा हाय ना? मग असं बोल ना." आणि तिने ती जाळी बोंबलांच्या रांगेत, अगदी मधोमध, माडाच्या सावलीत, मानाच्या जागी टांगली. वारा काय होता म्हणून सांगू. भाऊजी तिथे एकदाही शिंकले नाहीत. शिंकायला तोंड रिकामं नव्हतं हेही कारण असेल. पुतळाबाई तव्यावरून काढत होती आणि ते ताटात घेत होते. दुपार कलेपर्यंत जाळी पापडासारखी कडक वाळली. परतताना बोटीत मी विजयी होते.

घरी येऊन जाळी बसवली आणि बटण दाबलं. जाहिरातीत लिहिलं होतं की हा फिल्टर वास धरून ठेवतो. खरं लिहिलं होतं. फक्त तो कोणाचा वास धरेल आणि कुठे सोडेल, हे लिहिलं नव्हतं. क्षणात आख्खं मनोरी हॉलमध्ये उभं राहिलं. यंत्राचा पंखा असा सुरू झाला की वास पडद्यांत गेला, उशांत गेला, माझ्या पुस्तकांच्या कपाटात गेला. दिवा इतका लाल झाला की भाऊजी रस्त्यावर असल्यासारखे थबकले. मग त्यांनी साधं वरण आणि भाकरी घेतली, यंत्रासमोर खुर्ची ओढली आणि एकेका घासागणिक यंत्राकडे पाहत तृप्त होऊन जेवले. खालच्या मजल्यावरून दत्तारामांची बायको, नलिनीवहिनी, रिकामी वाटी घेऊनच वर आल्या. "ताई, सुक्या बोंबलाची चटणी केलीत ना? वास सुटलाय. थोडी द्या, ह्यांना आवडते." चटणी नाही, हवा आहे, हे मी त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, आत्ताच संपली. त्या दुखावून गेल्या.

मी ती जाळी बेसनाने धुतली, चिंचेने धुतली, शेवटी लिंबाने धुतली. आता घरात लिंबू पिळलेल्या बोंबलाचा वास येतो. भाऊजींचं वजन वाढलं आहे.

तरीही तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे. धुता येणारा फिल्टर घ्यावाच. यंत्र चुकेल, वारा चुकेल, बोंबील चुकतील, पण फेकून देण्याच्या संस्कृतीविरुद्ध धरलेली भूमिका चुकत नसते. कुणीतरी उभं राहायला हवं आणि मी उभी आहे, खिडक्या उघड्या टाकून.

अक्षताला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव, आणि तेल लावून जिना उतरू नकोस.

तुझी,
माणिकताई

ता. क. – पाकीट बंद करता करता एक बारीकशी गोष्ट आठवली. भाऊबिजेला तू येतोच आहेस, तर येताना पुठ्ठ्याचा फिल्टर आण. हो, तोच, 'धुऊ नये'वाला. यंत्राच्या बुडावरचा नंबर अक्षताला पाठवते. मुलुंडच्या पत्त्यावर मागव, कारण आमचा वॉचमन प्रत्येक पार्सल वाचून गेटवरून ओरडून सांगतो. साडीच्या दुकानाच्या खोक्यात घालून आण, लिफ्टमध्ये दत्ताराम भेटले तर पैठणी म्हण. मी तो जाळीच्या मागे बसवणार आहे. पुढे जाळी, मागे कागद. जाळी केस आणि कापूस अडवते, त्यासाठी ती धुऊन वापरावी, उत्तम आहे. धूर आणि बारीक धूळ मात्र कागदच अडवतो, आणि तो धुतला की संपतो. हे सभेत आधी कुणीतरी बोलायला हवं होतं, पण बोलत मीच होते. हसू नकोस. जानेवारीत बिल्डर आमच्या सोसायटीशी बोलणी करायला येतोय. सगळे त्याच्यापुढे चहा पितात आणि माना हलवतात. तेव्हा माझ्या हातात माईक नसला तर आमचीही इमारत कुणाच्या तरी नाकात जाईल, आणि आम्ही कुठे जाऊ ते तोच ठरवेल. तेव्हा आण.

दुसरा ता. क. – पत्र टाकायला निघाले तर दारात दत्ताराम. आत आले, दार स्वतःच लावून घेतलं, आणि लिंबू-बोंबलाच्या वासात उभं राहून हळूच म्हणाले, "ताईनू, तुमचा भाषण आमच्या हिणां मनावर घेतल्यान." नलिनीवहिनींनी त्यांचा पुठ्ठ्याचा फिल्टर सोड्याच्या पाण्यात उकळला. टिकेल म्हणून. आता संमेलनाला लावायला त्यांच्याकडे काहीच नाही, नवा मागवावा तर वहिनी विचारणार की सभेने टाळ्या वाजवल्या असताना पुन्हा फेकायचाच का, आणि वॉचमन तर आहेच. ताईंचं मुंबईत, सोसायटीबाहेर कुणी विश्वासाचं आहे का, असं विचारत होते. मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, मुलुंडला एक भाऊ आहे. स्पर्धा आम्ही दोघांनी मिळून रद्द केली. त्या दिवशी खोलीत यंत्रं नसतील, माईक असेल आणि तो माझ्याकडे असेल. तेव्हा दोन आण, दोन वेगळ्या खोक्यांत. आणि त्यात फिल्टर आहेत म्हणून साडी सुटली असं समजू नकोस. तिसरं खोकं साडीचं.